आधी चरबी तर जळू द्या

बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात एक माणूस आहे. त्याचं नाव दिलेलं नाही, गाव दिलेलं नाही, वंशही दिलेला नाही. तो एकच वाक्य बोलतो आणि नंतर पुन्हा कुठेच दिसत नाही. एलीच्या घराण्यावर देवाचा न्याय का आला, हे मला त्याच्या त्या वाक्यातून जेवढं कळलं तेवढं कुठल्याही प्रवचनातून कळलं नाही.

प्रसंग शिलोचा. यरुशलेमेत तेव्हा मंदिर नव्हतं. कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, शिलोला होता आणि लोक यज्ञ करायला तिथे जात. एली याजक होता, आणि त्याचे मुलगे हफनी व फिनहास वेदीचं काम बघत. शांत्यर्पण नावाच्या यज्ञाचा नियम लेवीय या पुस्तकात अगदी स्वच्छ सांगितलेला आहे. चरबी परमेश्वराची, ती वेदीवर जाळायची. पशूचा ऊर आणि उजवी मांडी याजकांची. उरलेलं मांस अर्पण करणाऱ्याचं, ते त्याने आपल्या माणसांबरोबर खायचं. याजक लेवीच्या वंशातले, आणि त्या वंशाला जमिनीत वाटा नव्हता, म्हणून त्यांच्या पोटाची सोय देवाने नियमातच करून ठेवली होती. हफनी आणि फिनहास उपाशी नव्हते. हे आधी लक्षात घ्यायला हवं, कारण अशा माणसांसाठी पहिली सबब तीच पुढे येते: त्यांनाही संसार आहे, त्यांनाही गरजा आहेत.

आता शिलोला काय चालायचं ते बघा. मांस शिजत असताना याजकाचा नोकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा. शास्त्रलेखात भांडीसुद्धा मोजून दिलेली आहेत, लहान-मोठी चार प्रकारची. कुठलंही असो, काटा आत खुपसायचा, आणि जे वर येईल ते याजकाचं. पुढे तेवढ्यानेही भागेना. चरबी जाळायच्या आधीच नोकर येऊन म्हणू लागला, याजकाला भाजायला मांस दे, शिजवलेलं नको, कच्चंच हवं.

इथे तो माणूस बोलतो. म्हणतो, "आधी चरबी तर जळू द्या, मग तुम्हाला हवं तेवढं घ्या."

नीट वाचलं तर या माणसाने स्वतःचा वाटा मागितलेलाच नाही. नियमाप्रमाणे बहुतेक मांस त्याचं होतं. ते सगळं सोडायला तो तयार आहे: हवं तेवढं घ्या म्हणतोय. त्याचं म्हणणं एवढंच, की देवाचं देवाला आधी जाऊ द्या. वेदीपाशी याजकाचा माणूस उभा आहे, आणि नियम आठवतोय तो दूरवरून आलेल्या एका साध्या माणसाला. त्याला उत्तर मिळतं, "नाही, आत्ताच दे, नाहीतर मी बळजबरीने घेईन."

त्याने दिलं असणार. पुढे काही लिहिलेलं नाही. पण लगेच पुढच्याच वचनात लिहिलंय, की त्या तरुणांचं पाप परमेश्वराच्या दृष्टीने फार मोठं होतं, कारण परमेश्वराच्या अर्पणाचा तिरस्कार झाला. दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी सेवा करणाऱ्या बायकांशी ते कसे वागत हे पुढे येतं, तेही भयंकरच आहे. तरी शास्त्रलेख आधी त्या काट्यापाशी थांबतो. मला वाटतं, कारण दोन्ही पापांचं मूळ एकच होतं. देवासमोर कुणीतरी विश्वासाने आलंय, आणि त्या विश्वासातच यांनी हात घातला.

मी आमच्या मंडळीची (चर्चची) खजिनदार आहे, बरीच वर्षं. उपासना संपली की मागच्या खोलीत टेबलावर अर्पणाच्या पिशव्या रिकाम्या होतात. नोटा सरळ करायच्या, नाणी वेगळी करायची, लिफाफे उघडून नावं लिहायची. मोजणीला बसलं की माणसं दिसतात. एखादी नोट इतकी बारीक घडी केलेली असते, की देणाऱ्याला ती कुणाला दिसू द्यायची नव्हती हे कळतं. एखाद्या लिफाफ्यावर थरथरत्या अक्षरात फक्त 'उपकारस्तुती' लिहिलेलं असतं, नाव नाही. कुणाचं ऑपरेशन पार पडलं, कुणाच्या नातवाला नोकरी लागली, आपल्याला माहीत नसतं. मिळालेलं कुणीतरी देवाला कळवतंय आणि तो कागद तेवढ्यापुरता माझ्या हातात आहे. म्हणून त्या तीन दातांच्या काट्याबद्दल मी शांतपणे वाचू शकत नाही.

इथे येण्याआधी मी ज्या मंडळीत होते तिथली एक गोष्ट सांगते. नावगाव लिहिणार नाही. आजारी सभासदांच्या उपचारांसाठी तिथे एक निधी जमवला होता. वार्षिक सभेत एक वयस्कर विधवा बाई उठून उभ्या राहिल्या. मी त्यांना काकू म्हणायचे. त्यांनी विचारलं, निधीतून आतापर्यंत कोणाकोणाला मदत गेली ते वाचून दाखवाल का? आवाज चढवला नव्हता, आरोपही केला नव्हता. पाळक (पास्टर) काही बोलले नाहीत. त्यांच्या वतीने पंचांपैकी एक जण उठले आणि म्हणाले, "काकू, वचन काय सांगतं? माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका." अभिषिक्त म्हणजे देवाने निवडलेले, इथे पाळक. सभेत दोन-तीन जण 'आमेन' म्हणाले. विषय संपला.

मी काकूंबरोबर फाटकापर्यंत चालत गेले. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माझे पैसे मी मागितले का गं? देवाचे होते ते."

पुढे पाळक बदलले, हिशेब तपासले गेले, आणि त्या निधीतला मोठा भाग आजाऱ्यांपर्यंत पोचलाच नव्हता हे बाहेर आलं. तोवर काकूंनी मंडळीत यायचं सोडलं होतं. त्यांना परत बोलवायला कुणी गेल्याचं माझ्या कानावर आलं नाही. मला त्या पैशांपेक्षा याचं दुःख जास्त आहे.

त्या वचनाबद्दल बोलायलाच हवं, कारण अजूनही ते असंच तोंडावर मारलं जातं. 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका, माझ्या संदेष्ट्यांना उपद्रव देऊ नका' हे 105व्या स्तोत्रात आहे. तिथे कोणाबद्दल बोललंय? अब्राहाम, इसहाक, याकोब. मूठभर परदेशी माणसं राज्याराज्यांतून भटकत होती आणि देवाने बलाढ्य राजांना बजावलं, यांना इजा करू नका. दुबळ्यांना बळवंतांपासून वाचवणारं वचन आहे ते. त्याचीच भिंत बांधून बळवंत आत बसतो आणि विधवा बाहेर राहते, हे त्या वचनाशी केलेलं वैर आहे.

मग कुणी दाविदाचं उदाहरण देतं. शौल राजा गुहेत हाताशी आलेला असताना दाविदाने त्याला मारलं नाही, कारण तो परमेश्वराचा अभिषिक्त. खरं आहे. पण तोच दावीद गुहेबाहेर येऊन, शौलाच्या आणि त्याच्या सैन्याच्या देखत, मोठ्याने विचारतो, की तू माझ्या जिवावर का उठलास? परमेश्वर तुझ्यामाझ्यात न्याय करो. हात लावला नाही, पण गप्पही बसला नाही. आणि दावीद स्वतः अभिषिक्त राजा झाल्यावर नाथान संदेष्टा त्याच्या पापाबद्दल त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला, "तो मनुष्य तूच आहेस." नाथानाने अभिषिक्ताला हात लावला असं दाविदाला वाटलं नाही. तो म्हणाला, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलंय.

आता एलीकडे येते. आपल्यापैकी बहुतेकांना हफनी-फिनहास व्हायची संधीच येणार नाही. एली व्हायची मात्र रोज येते.

एली वाईट माणूस नव्हता. लहानग्या शमुवेलाला त्याने वाढवलं. रात्री हाक कोणाची ते ओळखून त्यानेच त्याला शिकवलं, म्हण, बोल परमेश्वरा, तुझा दास ऐकत आहे. मुलांनाही तो बोलला, आणि जे बोलला ते अगदी बरोबर होतं: माणसाने माणसाचा अपराध केला तर देव न्याय करील, पण परमेश्वराचाच अपराध केला तर मध्यस्थी कोण करणार? शब्दांत काही खोट काढता येत नाही. मुलांनी ऐकलं नाही, आणि विषय तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी तेच दोघे पुन्हा वेदीपाशी.

याच एलीने पहिल्या अध्यायात हन्नेशी, म्हणजे शमुवेलाच्या आईशी, काय केलं ते शेजारी ठेवून बघा. एक बाई मंदिराशी उभी राहून रडतेय, ओठ हलताहेत, आवाज येत नाही. एली ताडकन म्हणतो, किती वेळ अशी झिंगलेली राहणार? द्राक्षारस सोड. ओळख नाही, चौकशी नाही, निवाडा तयार. रडणाऱ्या परक्या बाईला पहिल्या नजरेत दोषी ठरवणारा हा माणूस स्वतःच्या घरातल्या उघड्या पापासाठी वर्षानुवर्षं समजुतीचे शब्द शोधत होता. हन्नेने खुलासा केल्यावर त्याने तिला आशीर्वाद दिला, हेही सांगायला हवं. पण तीक्ष्णपणा कोणासाठी आणि मवाळपणा कोणासाठी, ही विभागणी मी पुष्कळ मंडळ्यांत पाहिलीय. गाणाऱ्या मुलीच्या कपड्यांवर तातडीची बैठक बसते. निधीच्या हिशेबाला मात्र 'प्रार्थना करू या' एवढंच उत्तर मिळतं.

पुढे देवाचा एक माणूस, म्हणजे संदेष्टा, एलीकडे आला तेव्हा त्याने दोष मुलांपुरता ठेवला नाही. तो एलीला म्हणाला, तू माझ्यापेक्षा आपल्या मुलांचा अधिक मान राखतोस, आणि माझ्या लोकांच्या प्रत्येक अर्पणातला उत्तम भाग खाऊन तुम्ही पुष्ट झाला आहात. 'तुम्ही', म्हणजे एलीही. काटा त्याने कधी हातात धरला नसेल, पण काट्याने काढलेलं त्याच्याही ताटात येत होतं. आणि शमुवेलाला त्या रात्री जो निरोप मिळाला त्यात एलीचा अपराध चार शब्दांचा आहे: त्याने त्यांना आवरलं नाही. काय चाललंय हे त्याला माहीत होतं, असंही देव तिथे सांगतो.

अगदी आपल्या काळातलं एक उदाहरण घेते, कारण ते लपलेलं नाही. रवी झकरायस यांचं नाव इंग्रजी वाचणाऱ्या आपल्यातल्या अनेकांच्या घरी आदराने घेतलं जायचं. विश्वासाच्या बाजूने युक्तिवाद करणारे वक्ते म्हणून ते जगभर फिरले. 2020 मध्ये ते गेले. फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यांनी स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं त्यात आलं. मला त्या अहवालाइतकंच महत्त्वाचं वाटलं ते संस्थेच्या मंडळाचं निवेदन. 2017 मध्ये एका बाईने तक्रार केली होती तेव्हा आम्ही तिच्याऐवजी त्यांच्यावर विश्वास ठेवला, ते चुकलं, अशी कबुली त्यात होती. म्हणजे मधली वर्षं ती बाई खोटी ठरलेली होती. ज्यांनी तिला खोटी ठरवलं ते सगळे राक्षस होते असं मी म्हणणार नाही. सेवा मोठी आहे, लोक तारण पावताहेत, कशाला धक्का लावायचा, असा विचार करणारी सज्जन माणसंच असतील बहुतेक. एलीसारखी.

न्याय कसा आला, त्याबद्दल. चिन्ह सांगितलं होतं: दोन्ही मुलगे एकाच दिवशी मरतील. पलिष्टी या शेजारच्या शत्रूंशी लढाई झाली, पहिल्या दिवशी सुमारे 4,000 माणसं पडली. मग इस्राएलाच्या वडिलांनी, म्हणजे वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी, अगदी योग्य प्रश्न विचारला: परमेश्वराने आज आपला पराभव का केला? या अख्ख्या अध्यायात मला सर्वांत जास्त हळहळ इथे वाटते. प्रश्न बरोबर, पण उत्तराची वाट कुणी पाहिली नाही. प्रार्थना नाही, शोध नाही, उपवास नाही. शिलोहून कोश आणू या, तो आपल्याला वाचवील! कोश आला, आणि कोशाबरोबर कोण आलं? हफनी आणि फिनहास. त्यांना पाहून एकाही वडिलाच्या मनात आलं नाही, की आधी या दोघांना बाजूला करा. सगळ्या छावणीने असा जयघोष केला की जमीन हादरली. पुढच्या लढाईत 30,000 पायदळ पडलं, कोश शत्रूने नेला, दोन्ही मुलगे मेले. 98 वर्षांचा आंधळा एली वाटेकडे कान लावून बसला होता. मुलांच्या मरणाची बातमी त्याने ऐकली. कोश गेला हे ऐकल्यावर मात्र तो आसनावरून मागे पडला आणि मान मोडून मेला. त्या शेवटच्या क्षणी त्याचं मन कुठे होतं ते दिसतं. देवाच्या कोशासाठी त्याचा जीव तुटत होता. त्याच्यावर कठोर बोलताना मी हे विसरत नाही.

त्या 30,000 मध्ये तो 'आधी चरबी तर जळू द्या' म्हणणारा माणूसही असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पुढाऱ्यांच्या पापाची किंमत ज्यांचं मांस ओरबाडलं गेलं त्यांनीही मोजली, आणि याचं सोपं उत्तर मला शास्त्रलेखात सापडत नाही. एवढं दिसतं, की वेदीपाशी जे सडतं ते वेदीपाशीच राहत नाही. म्हणून 'त्याचं तो बघेल, देव त्याला बघेल, आपण आपलं उपासनेला जावं' असं कुणी म्हटलं, की मला छावणीतल्या त्या जयघोषाची भीती वाटते.

मात्र उलट बाजूनेही एक सांभाळायला हवं. एखादा पाळक आजारी पडला, कुणाच्या घरात अपघात झाला, की लगेच कुजबुज होते, देवाने दाखवून दिलं. असं बोलायचा आपल्याला काहीएक अधिकार नाही. यरुशलेमेतला शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली तेव्हा प्रभू येशूने विचारलं, ते यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि उत्तर दिलं, नाही. एलीच्या बाबतीत देवाने आधी दोनदा सांगून ठेवलं होतं म्हणून तो न्याय होता हे कळतं. पुढे शौलाने नोब या याजकांच्या गावी 85 याजक मारवले. ते एलीच्याच घराण्याचे होते, आणि काही जण त्यालाही भविष्यवाणीची पूर्तता म्हणतात. असेल. पण ती माणसं निर्दोष होती आणि तो शौलाचा खून होता. देवाच्या नावाखाली मी शौलाला सोडणार नाही.

नोबमधून एकच जण निसटला, अबियाथार. पुढे शलमोन राजाने त्याला याजकपदावरून काढून अनाथोथ गावी पाठवलं, आणि शिलोत एलीच्या घराण्याविषयी बोललेलं वचन असं पूर्ण झालं, असं राजांच्या पहिल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. हफनी-फिनहासाच्या मरणानंतर शंभरेक वर्षांनी. देवाचा न्याय संथ आहे, पण तो विसरत नाही.

आणि अनाथोथ हे नाव इथे संपत नाही. त्याच अनाथोथच्या याजकांपैकी एका घरातून यिर्मया संदेष्टा आला. तो एलीचा वंशज होता असं कुठे लिहिलेलं नाही, पण त्या गावात शिलोची आठवण नक्कीच असणार. इ.स.पू. 609 च्या सुमारास यिर्मया यरुशलेमेच्या मंदिराच्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, 'हे परमेश्वराचं मंदिर, हे परमेश्वराचं मंदिर' असं घोकत बसू नका. या घराला तुम्ही लुटारूंची गुहा केलीय. शिलोला जाऊन बघा, तिथे मी काय केलं. शिलोची ती जागा आज खिर्बेत सेलुन म्हणून ओळखली जाते. तिथल्या उत्खननात इ.स.पू. 11व्या शतकातल्या मोठ्या जळिताचा थर मिळाला.

यिर्मयाचं बोलणं ऐकून त्याला पकडलं कोणी? याजकांनी, संदेष्ट्यांनी, आणि आधी लोकांनीही. पण सरदारांपुढे याला मारलंच पाहिजे असं म्हणत राहिले ते याजक आणि संदेष्टेच. वाचवलं कोणी? सरदारांनी आणि साध्या लोकांनी. देशातले काही वडील उठले आणि म्हणाले, हिज्कीया राजाच्या काळात मीखा संदेष्टा असंच बोलला होता, आणि राजाने त्याला मारलं नाही, परमेश्वराचं भय धरलं, म्हणून ते अरिष्ट टळलं. पुन्हा तीच गोष्ट: वेदीपाशी असणारे विसरले, आणि बाहेरच्यांना आठवत होतं. मीखाचं ते भाषण तुम्ही तिसऱ्या अध्यायात वाचा. पुढारी लाच घेऊन न्याय करतात, याजक मोल घेऊन शिकवतात, संदेष्टे पैसे घेऊन भविष्य सांगतात, आणि वर म्हणतात, परमेश्वर आमच्यामध्ये नाही का? आमच्यावर अरिष्ट येणारच नाही. तेव्हा हिज्कीयाने ऐकलं म्हणून शहर वाचलं. यिर्मयाचं ऐकलं नाही, आणि इ.स.पू. 586 मध्ये ते मंदिर जळालं.

प्रभू येशूने मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथले तेव्हा त्याच्या तोंडी यिर्मयाचेच शब्द होते: लुटारूंची गुहा. ऐकणाऱ्या शास्त्र्यांना यिर्मयाचं पुढचं वाक्य पाठ असणार, शिलोला जाऊन बघा. म्हणूनच ते त्याच्या जिवावर उठले, असं मला वाटतं.

आणखी एका ठिकाणी मला थांबायचंच आहे. विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे तिने मंदिराच्या पेटीत टाकलेली दोन हलकी नाणी. अर्पणाच्या आधी हा उतारा किती वेळा वाचला जातो! तिने सर्वस्व दिलं, तुम्ही काय देता? पण मार्काच्या बाराव्या अध्यायात त्याच्या अगदी आधीचं वचन काय आहे? शास्त्र्यांपासून सावध राहा, ते विधवांची घरे गिळंकृत करतात, त्यांना अधिक शिक्षा होईल. लगेच पुढे ही विधवा येते आणि तिची सगळी उपजीविका त्या पेटीत जाते. आणि तिच्यानंतर लगेच, तेरावा अध्याय उघडताच, शिष्य मंदिराचे चिरे दाखवतात आणि येशू म्हणतो, इथे दगडावर दगड राहणार नाही. इ.स. 70 मध्ये राहिला नाही. हे तीन तुकडे एकत्र वाचले, की तो उतारा दान मागण्यासाठी वापरायला माझी जीभ वळत नाही. येशूने तिच्या विश्वासाचा गौरव केला यात शंका नाही. पण तिचं घर गिळणाऱ्यांकडे त्याचं लक्ष त्याच वेळी होतं.

मला पत्र लिहून एका बहिणीने विचारलं होतं, मग अशा मंडळीत राहायचं की सोडायची? दान द्यायचं की नाही? सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर माझ्याकडे नाही. जिथे बायका-मुलांना धोका आहे तिथून आजच निघा, आणि तक्रार पोलिसांत करा, पंचांकडे करून थांबू नका. पैशांचा गोंधळ असेल तर आधी विचारा, लेखी विचारा, एकट्याने विचारू नका. हन्ना आणि तिचा नवरा एलकाना हफनी-फिनहासाच्या काळातही शिलोला जातच राहिले, आणि त्याच सडलेल्या जागी देवाने हन्नेचा मुलगा वाढवला. पाळक खोटा निघाला म्हणून तुम्ही केलेली प्रार्थना खोटी ठरत नाही. ज्यांनी अशा माणसाच्या हातून बाप्तिस्मा घेतला, लग्न लावून घेतलं, ते मला फार व्याकूळ होऊन हे विचारतात. वेदीपाशी कोण उभं होतं यावर तुमचं अर्पण देवापर्यंत पोचणं अवलंबून नव्हतं.

शमुवेल म्हातारा झाल्यावर सगळ्या लोकांपुढे उभा राहिला, आणि त्याने जे केलं ते मी कुठल्या पुढाऱ्याला करताना क्वचितच पाहिलंय. म्हणाला, परमेश्वरापुढे आणि त्याच्या अभिषिक्तापुढे माझ्याविरुद्ध साक्ष द्या. मी कोणाचा बैल घेतला? कोणाचं गाढव घेतलं? कोणाला फसवलं? कोणाच्या हातून लाच घेऊन डोळे झाकले? असेल तर परत देतो. ज्या मुलाने लहानपणी तो काटा पाहिला होता, त्याने म्हातारपणी आपले हात उघडून दाखवले. तरी त्याचेच मुलगे, योएल आणि अबीया, बैर-शेब्यात लाच खात होते, हे त्याच पुस्तकात लपवून ठेवलेलं नाही. एका पिढीचा खरेपणा दुसऱ्या पिढीला वारशाने मिळत नाही. तिथेही विचारावंच लागतं.

आमच्या मंडळीत आता मोजणीला कमीत कमी तिघे बसतात, एका घरातले दोघे नाहीत, आणि आकडा तिघांच्या सहीने वहीत जातो. दर महिन्याचा जमाखर्च उपासनेनंतर मोठ्याने वाचला जातो, पाळकांच्या प्रवासखर्चासकट. ही मागणी पाळकांनीच केली होती. गेल्या वेळी वाचून झाल्यावर कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने हात वर केला आणि दुरुस्तीच्या एका खर्चाची पावती बघायला मागितली. मागच्या बाकावरून कुणीतरी 'अरे, बस खाली' म्हणालं. पाळक म्हणाले, "विचारू दे त्याला." मी फाईल काढून त्याच्या हातात दिली. त्याने पावती बघितली, मग आधीच्या दोन महिन्यांच्याही बघितल्या. सगळे तोवर थांबले. पुढच्या महिन्यापासून तो मोजणीला बसणार आहे.